फळीवरच्या माणसाला हाक मारू नये

४ ऑगस्ट, मंगळवार

ठके,

सगळ्यांत आधी कोण टपकलं असेल, सांग बघू? वरच्या मजल्यावरची शिंपीण! शाळेने घरच्या मोठ्यांना दहाला बोलावलं होतं, तर ही बाई साडेनवालाच हॉलमध्ये हजर. पहिल्या बाकावर पर्स, छत्री आणि स्वतः, अशी तीन माणसांची जागा अडवून बसलेली. मी आणि तुझी गब्बू पोचलो तर म्हणते कशी, "या या, तुमच्यासाठीच धरून ठेवलीय. तुम्हा दोघींना जरा ऐसपैस लागतं ना." हिची लेक म्हणजे काडेपेटीतली काडी, सगळे तिला काडीच म्हणतात, त्याचा एवढा तोरा. मी म्हटलं, "लागतं खरं. पण आम्ही बसलो की बाक डुगडुगत नाही हो." गब्बू खुदकन हसली आणि शिंपिणीने छत्री उचलून मांडीवर घेतली.

पत्र का लिहितेय ते आधी सांगायला हवं होतं, राहिलंच. अगं, फोनवर तू बोलायला लागलीस की मीही बोलते, मग कुणाचंच कुणी ऐकत नाही. पत्रात कुणाला मधे तोंड घालता येत नाही. अक्षर तुझ्याच दुसरीच्या पुस्तकावरून गिरवलेलं आहे, तेव्हा नावं ठेवायची तर पुस्तकाला ठेव.

त्या रविवारी गब्बूचा फोटो बघून तू म्हणालीस, "आई, तू तिला खाऊ घालून घालून फुगवलंयस. तिला धड पळता येत नाही. ऑक्टोबरच्या सुट्टीत येते आणि तिला घेऊन जाते." आणि फोन ठेवलास. ऐकलं मी ते. तुला आता तिथे दोन खोल्या मिळाल्यात, जावई जहाजावरून आले की तिघं एकत्र राहाल, तेही कळतं. पण आज ते काढत नाही. आज हॉलमधली गंमत.

तर शाळेत माणसं आली होती मुलांचा तोल मोजायला. वजन मोजतात, उंची मोजतात हे ऐकलं होतं, तोल मोजतात हे मला नवीनच. एक गोरटेली बाई, गळ्यात शिट्टी, हातात वही. तिला मी मोजणीताई म्हणते. आणि तिच्याबरोबर एक बुवा, एवढा लंबू की पंख्याखालून वाकून जात होता. त्यांनी एक मऊ गादी टाकली, उशीएवढी. मुलाने त्यावर एका पायावर उभं राहायचं. आधी डोळे उघडे ठेवून, मग मिटून. नंतर जमिनीवर एक लाकडी पट्टी, हाताच्या पंजाएवढी रुंद, तिच्यावरून उलट्या पावली चालायचं. लंबूच्या हातात घड्याळ.

गब्बू डोळे उघडे ठेवून नऊ सेकंद उभी राहिली. मिटून दोन. पट्टीवर तिसऱ्या पावलाला खाली. मग म्हणाली, "गादी वाकडी आहे." नाचता येईना अंगण वाकडं, आजोबांवर गेलीय अगदी. शिंपिणीची मान उंच झाली. पण काडीचा नंबर आला, आणि काय सांगू, डोळे मिटल्यावर चौथ्या सेकंदाला काडी लंबूच्या अंगावर! शिंपीण म्हणाली, "सकाळपासून उपाशी आहे पोर." मी काही बोलले नाही. म्हणजे एकच वाक्य बोलले, ते इथे लिहीत नाही.

मग मुलं ओरडायला लागली, आजीला उभं करा, आजीला उभं करा. त्रेसष्ट वर्षांची मी, वजन विचारू नकोस. चपला काढल्या, चढले गादीवर, उचलला पाय, मिटले डोळे. लंबू मोजतोय, मोजतोय, मला आपलं कळेना थांबायचं कधी. चाळीस झाल्यावर त्यानेच थांबवलं. म्हणाला, "आजी, तुम्ही करता काय?" म्हटलं, "अठरा वर्षं विटा वाहिल्या बाबा, फळीवरून. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर फळकूट, त्याच्यावर दहा विटा. तेव्हाही अशीच भरलेली होते." त्याने ते वहीत लिहून घेतलं. माझं बोलणं कुणी वहीत लिहून घेतलं, पहिल्यांदाच.

गब्बूच्या हनुवटीला थोडं खरचटलंय. पुढच्या फोटोत दिसेल, म्हणून आधीच सांगते. खेळताना लागलं. काळजीचं कारण नाही.

तुझी आई


१३ ऑगस्ट, गुरुवार

ठके,

तुझं पत्र नाही, पण तू फोन करून गब्बूशी बोललीस, आणि तिने सांगून टाकलं. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही, तोंडाला कुलूप म्हणून नाहीच कार्टीच्या. तर हो. तीन टाके पडलेत. खेळताना नाही लागलं. ती खेळतेय कुठे?

जिन्यावर पडली. रोज मी हात धरून उतरवते, दोन वर्षांत एकदा म्हणून एकटीला उतरू दिलं नाही. त्या दिवशी माझ्या दोन्ही हातांत सामान होतं, ती पुढे गेली. फक्त शेवटच्या चार पायऱ्या उरल्या होत्या गं. डॉक्टरीण चांगली होती, टाके घालताना गब्बूला पाढे म्हणायला लावले. सातच्या पाढ्यात गब्बू चुकली, डॉक्टरीणही चुकली, मग दोघी हसल्या आणि तेवढ्यात झालंसुद्धा.

सोमवारी मी मोजणीताईला गाठलं. शाळेतच होती अजून, दुसरे वर्ग मोजत. स्पष्ट विचारलं, "बाई, माझ्या खाऊ घालण्याने पडते का ही? तिची आई तसं म्हणते." ती म्हणाली, "आजी, वजन जास्त असलं की तोल सावरायला शरीराला जास्त मेहनत पडते, हे खरं. पण तुमच्या वरच्या मजल्यावरच्या मुलीचं वजन कमी आहे आणि तीही डगमगते. दोघींच्या कागदावर एक गोष्ट सारखी आहे." आणि तिने कागद दाखवला. मुलांनी स्वतः भरायचा होता, दिवसातून किती वेळ पळता, उड्या मारता, चढता. काडीने लिहिलं होतं शून्य. आणि मोबाईलवर तीन तास, तेही प्रामाणिकपणे.

गब्बूने पण शून्य. आणि खाली, जागा नव्हती तरी, बारीक अक्षरात, "आजी ओरडते."

मोजणीताई म्हणाली, वजनाला वेळ लागेल, लागू दे. जेवण मोजूनमापून द्या, उपाशी ठेवू नका. पण पाय आजपासून हलले तर तोल आजपासून शिकेल. पायाला, पोटरीला, डोळ्याला, कानालासुद्धा सवय लागते म्हणे. पाच आठवड्यांनी पुन्हा मोजणार आहेत.

म्हणजे बघ, आजार म्हशीला आणि औषध पखालीला. तू बिस्किटांवर रागावलीस, मीही बिस्किटंच बंद केली, आठ दिवस पोर माझ्याकडे असं बघत होती जसं काही मी तिचं घरच विकलंय. काल एक दिलं. एकच. (दोन.)

तुझी आई


३० ऑगस्ट, रविवार

ठके,

समोरच्या रिकाम्या जागेवर इमारत चढतेय. तिथला मुकादम मला ओळखत नव्हता, पण मी परांचीकडे बघून म्हटलं, "तिसरी फळी उलटी टाकलीय, लाकडाची गाठ वर पाहिजे," तर त्याने वर बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि खुर्ची मागवली. चहा झाला. येताना एक जुनी फळी मिळाली. दोन मजूर आणून टाकून गेले आमच्या आवारात.

आधी नुसती जमिनीवर ठेवली. दोन दिवस त्यावरून चालणं, नुसतं येणं-जाणं. मग दोन्ही टोकांना एकेक वीट. मग दोन-दोन. आता गब्बू दोन विटांवरच्या फळीवरून जाते, पुढे तोंड करून. उलट्या पावली अजून नाही. अर्धा तास फळी, मग आवाराला पळत सहा फेऱ्या. पहिल्या दिवशी दोन फेऱ्यांत जीभ बाहेर. आता सहाव्या फेरीला गाणं म्हणते, मुद्दाम, मला दाखवायला.

काडीही येते. तिसऱ्या दिवशी शिंपीणही आली, म्हणे, "मी आपली बघायला." बघता बघता चढली फळीवर आणि मधोमध थांबली ती थांबलीच. पुढेही जाईना, मागेही येईना. "अहो, हलतेय ही!" मी म्हटलं, "फळी नाही हलत, शिंपीणबाई." शेवटी काडीने आईचा हात धरून उतरवलं. त्या दिवसापासून शिंपीण मला आजी म्हणायची ती मावशी म्हणायला लागलीय. माझं वय कमी झालं की तिचं वाढलं, देव जाणे.

एक गोष्ट मात्र लिहायलाच हवी. कामावर आमचा नियम होता, फळीवरच्या माणसाला हाक मारायची नाही. काही झालं तरी नाही. हाक मारली की माणूस वळतो, आणि फळीवर वळायला जागा नसते. जेवणाची वेळ झाली, साहेब आला, पाऊस आला, काहीही असो, खालच्याने रिकामं घमेलं उलटं करायचं आणि थापीने तीनदा वाजवायचं. मग वरचे आपापल्या सोयीने उतरायचे. नवी पोरगी कामावर आली की आधी हे शिकवायचे, विटा नंतर.

हे मी गब्बूला सांगितलं, मोठ्या तोऱ्यात. तर ती म्हणाली, "मग तू का मारतेस?"

"मी कधी?"

"जिन्यावर मारलीस. सांभाळ, पडशील, असं ओरडलीस. म्हणून मी मागे बघितलं. म्हणून पडले."

तेव्हापासून माझ्या तोंडात लवंग असते, ठके. दोन दातांत धरून ठेवते. ती फळीवर असेपर्यंत लवंग पडू द्यायची नाही. आतापर्यंत दोनदा गिळली.

तुझी आई


१३ सप्टेंबर, रविवार

ठके,

काल पुन्हा मोजणी झाली. सगळं सांगते, पण क्रमाने सांगणं माझ्याच्याने होणार नाही, तेव्हा समजून घे.

गब्बू एका पायावर, डोळे मिटून, अकरा सेकंद. अकरा! दोनाची अकरा. काडीची नऊ. वजन अर्धा किलो कमी. लंबू म्हणाला फार नाही, पण उंचीही वाढलीय, तेव्हा चांगलं आहे. मला अर्ध्या किलोचं काही नाही. अर्धा किलो म्हणजे एक वीटसुद्धा नाही.

मग पट्टी. उलट्या पावली. एक, दोन, तीन, चार, पाच. सहाव्याला तिची टाच जरा बाहेर आली, सावरत होती गं, हात पसरलेले, सावरलंच असतं तिने. आणि मी ओरडले. "सांभाळ!" लवंग कुठच्या कुठे उडाली. गब्बूने वळून माझ्याकडे बघितलं आणि पाय खाली.

ती रडली नाही. माझ्याजवळ आली, मोठ्या बाईसारखी, आणि म्हणाली, "आजी, तू बाहेर थांब." मोजणीताईने तिला अजून एकदा संधी दिली. मी व्हरांड्यात उभी, दाराला पाठ लावून. आतून लंबूचा आवाज येत होता, पावलं मोजत. माझ्या शेजारी शिंपीण येऊन उभी राहिली. तिने माझा हात धरला, ठके. तिचे हात सुयांनी टोचून टोचून किती खरखरीत झालेत, मला माहीतच नव्हतं. आत चौदा पावलं झाली. पट्टीच संपली.

घरी आल्यावर गब्बूने विचारलं, "तू एवढी का घाबरतेस? तू तर डोक्यावर विटा घेऊन जायचीस." तिला मी म्हटलं, म्हातारपण. तुला खरं लिहिते. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

फळी ओली नव्हती. तुझे बाबा पडले तेव्हा सगळे म्हणाले फळी ओली होती, पाय घसरला. तू चौदा वर्षांची होतीस, शाळेत होतीस, तुलाही तेच सांगितलं. फळी कोरडी होती. जेवायची वेळ झाली होती. घमेल्यात कालवलेला माल होता, ते उलटं करता येईना, आणि मला भूक लागली होती. मी खालून हाक मारली. "अहो, ऐकलंत का?" ते वळले. हसतच वळले.

पुढचं तुला माहीत आहे.

त्यानंतर मला कुणीही जमिनीपासून वर गेलेलं बघवेना. तू शाळेत उंच उडी मारायचीस. तुझ्या त्या बाई घरी आल्या होत्या सांगायला, पोरगी वरच्या स्पर्धेला जाईल म्हणून. दुसऱ्या दिवशी तुझे बूट हरवले, आठवतं? आपण सगळं घर शोधलं, मीही शोधत होते. ते मी लपवले होते. पाण्याच्या टाकीमागे, पिशवीत गुंडाळून. तू आठ दिवस रडलीस, मग बोलेनाशी झालीस, आणि मला वाटलं, चला, पोर जमिनीवर तरी आहे. तेव्हाचं तुझं ते न बोलणं अजून पुरतं संपलेलं नाही. मला कळतं.

तेच मी गब्बूचं करत होते. खायला घालत होते, कारण खाणारं माणूस बसून असतं. बसलेलं माणूस पडत नाही. एवढं साधं गणित होतं माझं. तू म्हणालीस ना खाऊ घालून फुगवलं, त्याचा राग आला होता मला. राग यायला नको होता.

पत्र फाडू नकोस. फाडलंस तरी आधी वाच.

तुझी आई


४ ऑक्टोबर, रविवार

ठके, माझ्या बाई,

तुझं पत्र आलं. पोस्टमनने दिलं तेव्हा माझे हात पिठाचे होते, तर गब्बूने फोडलं आणि मोठ्याने वाचायला लागली, मी ओरडून काढून घेतलं. (घरात ओरडायला परवानगी आहे. फक्त ती जमिनीवर असताना.) अकरा ओळी आहेत. मी किती वेळा वाचल्या ते सांगत नाही.

तर बूट टाकीमागे आहेत हे तुला तेव्हाच माहीत होतं! तिसऱ्या दिवशी सापडले आणि तू परत तिथेच ठेवलेस! आणि वर आठ दिवस रडलीस, माझ्यासमोर बसून! अगं लबाडे. तू लिहितेस, "मला बघायचं होतं तू स्वतःहून देतेस का." बावीस वर्षं वाट बघितलीस गं. मला तेव्हाच एक थोबाडीत द्यायची आणि घालून जायचे बूट.

आणि बाबांबद्दल लिहिलंयस ते. "घमेल्यात माल होता तर तू काय करणार होतीस, आई? आणि बाबा तुझ्या आवाजावर नेहमीच वळायचे. भांडतानासुद्धा." हो गं. वळायचेच. पाठ फिरवून रुसून बसलेले असायचे आणि मी नुसतं अहो म्हटलं की मान आपोआप वळायची, मग स्वतःवरच चिडायचे. हे मी विसरले होते. हाक तेवढी लक्षात ठेवली, आणि वळणं, ते हसून वळणं, विसरून गेले होते. काल दिवसभर मला तेच दिसत होतं. भाजी करपली.

आता इथली बातमी. गब्बू तीन विटांवर उलट्या पावली जाते. जिना एकटी उतरते, आणि शेवटच्या दोन पायऱ्या उडी मारून, मी नाही असं बघून. मी असते. दाराआड असते. शिंपिणीने तिच्यासाठी पळायची चड्डी शिवली, चांगली सैल, "वाढत्या अंगाची आहे" म्हणाली, आणि त्यात टोमणा नव्हता, मी नीट तपासून बघितलं. स्वतःसाठीही शिवलीय एक. सकाळी सहा फेऱ्यांत ती चौथ्या फेरीपर्यंत टिकते.

मुकादमाने मला जुनं घमेलं दिलंय, बुडाला भोक पडलेलं, आणि एक थापी. आता गब्बूला बोलवायचं झालं की मी तीनदा वाजवते. सगळी इमारत ऐकते. खालच्या मजल्यावरचे आजोबा म्हणतात, देवळातल्या घंटेला सुट्टी दिलीत का? पोर मात्र कुठूनही पळत येते. पूर्वी हाका मारमारून येत नव्हती.

तू लिहिलंयस, "येते. न्यायला की बघायला, ते आल्यावर ठरवू." बरं. मी पुष्कळ विचार केला यावर. तिला विचारलंही, "आईकडे जायचं का गं राहायला?" तर म्हणाली, "तिथे फळी आहे का?" मी म्हटलं, फळी कुठेही मिळते, बांधकाम कुठे नाही? मग म्हणाली, "आणि तू?" ह्याचं उत्तर मी दिलं नाही. ते तू दे, किंवा आपण तिघी मिळून देऊ. तू तिला घेऊन निघालीस तर मी दारात उभी राहीन, हसत राहीन, आणि मागून हाक मारणार नाही. एवढं मला आता येतं. लवंगा आणून ठेवल्यात.

मोजणीताई आणि लंबू या वेळी शाळेत नाही, आपल्या आवारात येणार आहेत. लंबूला आमची फळी बघायचीय, फोटो काढायचाय. मीही एकदा चालून दाखवावं असं त्याचं म्हणणं आहे, विटांसकट. बघू. तू म्हणालीस म्हणून तुझे ते बूट मी टाकीमागून काढले. अजून तिथेच होते, ठके, पिशवी तेवढी विरलीय. धुऊन उन्हात ठेवले. गब्बूने पाय घालून बघितले, दोन बोटं मोठे होतात. पुढच्या वर्षी बसतील.

एकच सांगते. फाटकातून आत येशील तेव्हा ती बहुतेक फळीवर असेल, तुझ्याकडे पाठ करून. इतक्या महिन्यांनी बघशील, तोंडातून नाव निघेल तुझ्या. निघू देऊ नकोस. फाटकाशीच थांब, मी तुला बघितलेलं असेल. ती पलीकडच्या टोकाला उतरली की मी घमेलं वाजवेन.

ते लोक दहाला येतो म्हणालेत, तूही तेव्हाच येतेस. शनिवार, २४ ऑक्टोबर.

तुझी आई